थोडक्या खर्चांत आल्बेनिया

परदेशप्रवास हा मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या आवांक्यांतला विषय नव्हे, ही समजूत आमच्या समाजांत अद्यापि रूढ आहे. आणि ती अगदींच निराधार आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं. लंडन किंवा झुरिच येथें चार माणसांनीं आठ दिवस काढले, तर पुढें वर्षभर घरांत काटकसरीचीच भाषा चालू राहते. परंतु यूरोप म्हणजे तेवढीं दोन-चार शहरें नव्हेत. हिशेबी माणसानें पोटभर जेवावें, स्वच्छ अंथरुणावर निजावें आणि तरीहि परत येतांना डोक्यावर कर्ज आणूं नये, असा एखादा देश तिकडे आहे काय, असा प्रश्न ह्या सदराच्या वाचकांकडून वारंवार येतो. त्याचें उत्तर म्हणून ह्या महिन्यांत आल्बेनिया देशाची, आणि विशेषतः तेथील शहरांची, माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ग्रीसच्या उत्तरेस, इटलीच्या टांचेसमोर, मध्यें समुद्राची चिंचोळी पट्टी ठेवून हा देश वसला आहे. क्षेत्रफळ अवघें २८,७४८ चौरस किलोमीटर. म्हणजे पुणें व अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले, तर त्यांत हा सगळा देश मावून वर जागा उरेल. २०२३ सालच्या खानेसुमारींत लोकसंख्या सुमारें चोवीस लाख भरली. २०११ सालीं ती अठ्ठावीस लाखांच्या घरांत होती. हे दोन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें बिऱ्हाडाच्या सोयीविषयीं लिहितांना त्यांचें काम पडणार आहे.

मुंबईहून राजधानी तिराना येथें थेट विमान नाहीं. इस्तंबूल किंवा यूरोपांतील दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरीं विमान बदलावें लागतें. भारतीयांस व्हिसा लागतो. मात्र ज्यांच्यापाशीं शेंगेन राष्ट्रांचा, ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा अनेक वेळां प्रवेश देणारा व्हिसा आहे, व तो एकदां तरी वापरलेला आहे, त्यांस आल्बेनियाचा निराळा व्हिसा काढावा लागत नाहीं. तेव्हां ज्यांचे मुलगे-सुना किंवा लेकी-जांवई जर्मनींत अथवा इंग्लंडांत आहेत आणि जे नातवंडांसाठीं तिकडे जातच असतात, अशा वडील मंडळींस ही आठ-दहा दिवसांची सफर फारच सोयीची पडते. असले नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं खात्री करून घ्यावी, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे.

तेथील नाण्यास लेक म्हणतात. गेल्या दोन-तीन वर्षांत एक लेक व एक रुपया ह्यांचें मोल जवळजवळ बरोबरीचें राहिलें आहे, आणि एका युरोस सुमारें शंभर लेक पडतात. त्यामुळें भाव ऐकतांच मनांत त्रैराशिक मांडण्याचा त्रास आम्हां लोकांस पडत नाहीं. परंतु ह्या नाण्याची एक मौज आहे. १९६५ सालीं तेथील सरकारनें जुने दहा लेक म्हणजे नवा एक लेक असें ठरविलें. ह्या गोष्टीस साठ वर्षें झालीं, तरी लोकांच्या जिभेवरचा जुना लेक कांहीं जात नाहीं. शंभर लेकची कॉफी विकणारा तोंडानें सहज "हजार" म्हणून जातो, आणि परका प्रवासी, आपणांस लुबाडलें जात आहे, अशा समजुतीनें हुज्जत घालूं लागतो. वस्तुतः त्यांत लबाडी बहुधा नसते. आमच्याकडे १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, तरी पुढें कित्येक वर्षें घरोघरच्या आज्या भाजीवालीशीं चार आणे, बारा आणे ह्याच भाषेंत बोलत होत्या. त्यांतलाच हा प्रकार. भाव अवास्तव वाटला तर शेवटचें शून्य काढून पाहावें, आणि हातांतली नोट दाखवून मानेनें विचारावें. (मान हलविण्याचाहि एक घोटाळा आहे. तेथील जुन्या चालीप्रमाणें मान आडवी हलविली कीं होकार आणि वर उडविली कीं नकार. इंग्रज-अमेरिकन प्रवासी येथें गोंधळतात. होकारार्थीं मान डोलविणाऱ्या आम्हां मंडळींस त्याचें नवल वाटत नाहीं.)

बँकेच्या यंत्रांतून पैसे काढल्यास बहुतेक बँका दर खेपेस पांचशें ते आठशें लेक कापून घेतात. एवढ्या रकमेंत एका माणसाचीं दोन वेळचीं जेवणें होतात. ह्यास्तव बरोबर युरोच्या नोटा न्याव्या आणि शहरांतल्या नाणेबदलीच्या दुकानांतून लागतील तेवढेच लेक घ्यावे. बसगाड्या, लहान खानावळी, भाजीबाजार ह्या ठिकाणीं रोख पैशांवांचून चालत नाहीं.

आतां वाहनांविषयीं. आल्बेनियांत आगगाडीचा भरंवसा धरूं नये. तेथें पहिला प्रवासी लोहमार्ग १९४७ सालीं दुर्रस ते पेचिन असा झाला, आणि पुढें त्याचा विस्तारहि झाला; परंतु साम्यवादी राजवट गेल्यानंतर त्याची वाताहत झाली, आणि तिरानाचें रेल्वे स्टेशन तर २०१३ सालीं पाडून टाकण्यांत आलें. दुसरीकडे, एन्वर होजा ह्यांच्या अमलांत सामान्य माणसास स्वतःची मोटार बाळगण्याचीच बंदी होती. ती १९९१ सालीं उठली. म्हणजे एका बाजूस आगगाडी मोडलेली आणि दुसऱ्या बाजूस लोकांपाशीं मोटारी नाहींत, अशा स्थितींत सारा देश अचानक मोकळा झाला. तेव्हां ज्याला जमलें त्यानें परदेशांतून जुनी गाडी आणली, पुढच्या कांचेवर गांवाच्या नांवाची पाटी लावली आणि उतारू भरण्यास आरंभ केला. ह्या गाड्यांस तिकडे फुर्गोन म्हणतात. सातारा-कोल्हापूरकडील वाचकांस ती वस्तु समजावून देण्याची जरुरी नाहीं. वडाप म्हटलें कीं पुरे. गाडी भरली म्हणजे सुटावयाची, हा मुख्य नियम. हल्लीं मोठ्या रस्त्यांवर ठराविक वेळांच्या मोठ्या बसगाड्या पुष्कळ झाल्या आहेत, तरी लहान गांवांचा आधार अद्यापि फुर्गोनच.

राजधानींतून उत्तरेस व दक्षिणेस जाणाऱ्या गाड्या शहराच्या पश्चिमेकडे, दुर्रसच्या रस्त्यालगत असलेल्या आवारांतून सुटतात. आग्नेयेकडील गांवांसाठीं जागा निराळी आहे. म्हणून आदल्या दिवशीं बिऱ्हाडाच्या मालकास विचारून ठेवावें. भाड्याचा अंदाज म्हणून सांगावयाचें तर समुद्रकांठच्या दुर्रसला तासाभराचा रस्ता व दीडशें-दोनशें लेक, बेराटला अडीच-तीन तास व पांचशेंच्या आसपास, उत्तरेच्या श्कोदरला दोन तास व जवळजवळ तितकेच, आणि दक्षिणेच्या ग्यिरोकास्तरला चार तासांच्या आगेमागे व हजारांहून थोडे अधिक. भाडें ठराविक असतें व तें बहुधा वाटेंत किंवा उतरतांना देतात. शेजारची बाई किती देते तें पाहावें आणि तितकेंच द्यावें. दोन गोष्टी मात्र विसरूं नयेत. गाड्यांचा सुकाळ सकाळीं असतो. लहान गांवांहून परतीची शेवटची गाडी दुपारीं दोन-तीनलाच निघून जाते. आणि ज्यांस वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळतें त्यांनीं आधीं येऊन पुढची जागा धरावी. दक्षिणेकडे डोंगर पुष्कळ आहेत.

शहरांतल्या शहरांत तर खर्च असा नाहींच. तिरानाच्या बसचें तिकीट २०२४ सालीं चाळीस लेक होतें. तें गाडींत फिरणारा कंडक्टर फाडून देतो. विमानतळ शहरापासून सुमारें सतरा किलोमीटर आहे. त्यास मदर तेरेसांचें नांव दिलेलें आहे. त्यांचा जन्म १९१० सालीं शेजारच्या स्कोप्ये शहरीं एका आल्बेनियन कुटुंबांत झाला, आणि हयात कलकत्त्यांत गेली. विमानतळावरून निघणारी बस चारशें लेकांत मध्यवर्ती स्कांदरबेग चौकाजवळ आणून सोडते. टॅक्सी करावयाचीच झाल्यास बसण्यापूर्वीं भाडें ठरवावें. चौकापासून पुढें पाहण्यासारखीं बहुतेक स्थळें पायीं होण्याजोगीं आहेत, आणि शहराचा मध्यभाग सपाट असल्यामुळें वडील मंडळींसहि त्रास पडत नाहीं.

बिऱ्हाडाचा विषय आम्हीं मुद्दाम सविस्तर लिहीत आहों, कारण ह्या देशांतील खरा लाभ व खरी स्वस्ताई येथेंच आहे. तरुण एकट्यादुकट्यास सामाईक खोलींतली खाट दहा-पंधरा युरोंत मिळते. कुटुंबवत्सल माणसानें मात्र घरगुती बिऱ्हाड शोधावें. एखाद्या जुन्या घरांतली माडीवरची खोली, स्वतंत्र न्हाणीघर व सकाळची न्याहारी मिळून दोघांस पंचवीस ते चाळीस युरो पडतात. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर ह्या महिन्यांत हा भाव. जुलै-ऑगस्टांत समुद्रकांठीं, विशेषतः सारांदा व क्सामिल येथें, भाव दुपटीवर जातात. त्या दोन महिन्यांत तिकडे फिरकूंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

आल्बेनियन घर म्हणजे काय, हें थोडें जाणून घेतलें पाहिजे. उत्तरेच्या डोंगराळ भागांत पिढ्यान् पिढ्या तोंडीं चालत आलेला एक आचारसंग्रह आहे. त्याचें नांव कानून; होय, आपला कानून तोच हा शब्द. श्तेफेन ग्येचोवी नांवाच्या पाद्र्यानें तो जमवून लिहून काढला व १९३३ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. सूड, सरहद्द, सोयरिक असे नाना विषय त्यांत आहेत. परंतु अतिथीचा मान हा त्यांतला मोठा विषय. दारीं आलेल्या पाहुण्याच्या जिवाची जोखीम यजमानानें घ्यावयाची, आणि दिलेला शब्द, ज्यास ते बेसा म्हणतात, प्राण गेला तरी मोडावयाचा नाहीं. हें सर्व कागदावरचेंच होतें असें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन अमलाखालीं असतांहि तेथील शेतकऱ्यांनीं व गांवकऱ्यांनीं यहुदी कुटुंबांस आपल्या घरांत लपवून वांचविलें. युद्ध संपलें तेव्हां त्या देशांत यहुदी लोकांची संख्या युद्धापूर्वींपेक्षां अधिक होती. यूरोपांत असें फारच थोड्या देशांविषयीं म्हणतां येईल.

आतां तोच पाहुणा पैसे देऊन राहतो. ह्यानें व्यवहार बदलला, पण चाल पुरती बदलली नाहीं. बेराट येथें ओसुम नदीवर उतरत आलेल्या मांगालेम पेठेंत आम्ही ज्या घरीं उतरलों होतों, तेथें दारांतच पायताण काढून घरांत घालावयाच्या सपाता पुढें करण्यांत आल्या. अंगणांत द्राक्षाचा मांडव होता, त्याखालीं बसवून, खोली दाखविण्यापूर्वीं, कॉफी व अंजिराचा मुरंबा आला. घरांत सत्तरीच्या पुढच्या आजीबाई व त्यांची शाळेंत जाणारी नात, एवढींच माणसें. नातीस इंग्रजी येत होतें. आजीबाईंना इटालियन चांगलें समजतें असें कळलें. होजांच्या राजवटींत चोरून इटालियन टेलिव्हिजन पाहून त्या काळच्या पुष्कळ लोकांप्रमाणें त्याहि ती भाषा शिकल्या होत्या. आम्हांस दिलेली खोली त्यांच्या धाकट्या मुलाची. भिंतीवर फुटबॉल संघाचें चित्र आणि फळींत शाळेचीं पुस्तकें अजून तशींच होतीं. मुलगा जर्मनींत, मुलगी बोलोन्यांत. थोरला वारलेला, त्याची ही नात.

आरंभीं दिलेले दोन आंकडे येथें पुन्हां आठवावे. बारा वर्षांत जो देश चार लाख माणसांनीं कमी झाला, त्याच्या घराघरांतून अशा खोल्या रिकाम्या आहेत. हा ओघ नवा नव्हे. १९९१ च्या ऑगस्टांत व्लोरा नांवाच्या एकाच जहाजावर सुमारें वीस हजार माणसें दाटीनें उभीं राहून इटलीच्या बारी बंदरास गेलीं होतीं. आम्ही ज्याला स्वस्त बिऱ्हाड म्हणतों तें पुष्कळदां परदेशीं गेलेल्या मुलाचें अंथरूण असतें.

आजीबाईंनीं नातीकरवीं आम्हांस विचारलें, "तुमच्याकडचीं मुलें घरींच असतात का?" आम्हीं सांगितलें कीं पुण्यांतल्या आमच्या आळींत दर दोन घरांआड एका घराचीं मुलें अमेरिकेंत नाहींतर जर्मनींत आहेत, आणि माड्या रिकाम्या आहेत. "मग त्या खोल्यांचें तुम्ही काय करतां?" आम्ही म्हणालों, कुलूप लावून ठेवतों. हें ऐकून त्यांस फारच आश्चर्य वाटलें. नातीनें भाषांतर केलें तें असें: "आजी म्हणते, कुलूप लावलेल्या खोलीला ओल येते."

घरीं परत आल्यावर आमच्या मंडळींत ह्या वाक्याची बरीच चर्चा झाली आहे व ती अद्यापि संपलेली नाहीं. तिचा निकाल येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

खोलीच्या भाड्याविषयीं एक गोष्ट मात्र आम्हांस आग्रहानें सांगावयाची आहे. आमच्या लोकांस घासाघीस केल्याखेरीज खरेदी केल्यासारखें वाटत नाहीं. बाजारांत, टॅक्सीच्या बाबतींत, समुद्रकांठच्या खुर्च्यांच्या भाड्यांत ती खुशाल करावी. पण तीन हजार लेकची खोली, आंत न्याहारी, धुतलेल्या चादरी, आणि वर मालकिणीनें स्वतः केलेला मुरंबा, त्यांत पांचशें कमी करून मागणें शोभत नाहीं. तेथें २०२३ सालीं कमींत कमी मासिक वेतन चाळीस हजार लेक ठरविण्यांत आलें. त्यावरून पांचशें लेकांची किंमत ज्यानें त्यानें समजावी. पैसे वांचवावयाचे ते दलालींतून वांचवावे. पहिली रात्र संकेतस्थळावरून ठरवून गेल्यावर, पुढें जावयाच्या गांवीं कोणाचें घर चांगलें आहे तें यजमानिणीसच विचारावें. ती तेथल्या ओळखीच्या घरीं फोन करते, आणि ती खोली बहुधा चांगलीच निघते.

भोजनाविषयीं आमच्या वाचकांस सर्वांत अधिक काळजी असणार. प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं तो देश मांसाहारी आहे. तथापि शाकाहारी माणसाची उपासमार तेथें होत नाहीं. पाट्या वाचतां आल्या पाहिजेत एवढेंच. ज्या दुकानावर "झ्गारा" लिहिलें असेल तेथें भाजलेलें मांस मिळतें, तेथून पुढें जावें. "ब्युरेकतोरे" म्हणजे ब्युरेकचें दुकान. ब्युरेक म्हणजे पापडासारख्या पातळ पोळ्यांचे थर, मध्यें पालक किंवा ताज्या चीजचें सारण घालून भट्टींत भाजलेले. मोठा तुकडा शंभर लेकच्या आंत मिळतो, आणि दोन तुकडे खाल्ले कीं दुपारपर्यंत भूक लागत नाहीं. मात्र मांसाचाहि ब्युरेक असतो व तो दिसण्यांत अगदीं तसाच. म्हणून "पा मीश", म्हणजे मांसावांचून, हे दोन शब्द पाठ करावे. त्याबरोबर "धाल" मागावें. हें आमचें मीठ घातलेलें ताक. परदेशीं आठ दिवस काढल्यावर हा पेला हातांत आला म्हणजे काय वाटतें तें ज्याचें त्यानें अनुभवावें.

दुपारच्या जेवणास "ग्येलतोरे" शोधावी. ही खरीखुरी खानावळ. सकाळीं शिजविलेले पदार्थ कांचेआड मांडलेले असतात व बोट दाखवून मागावयाचे असतात, त्यामुळें भाषेची अडचण पडत नाहीं. पांढऱ्या घेवड्याची रसभाजी, भातानें भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, भाजलेलीं वांगीं, बटाटे, काकडी घातलेली दह्याची कोशिंबीर, आणि हंगामांत भेंडी. भेंडीस तिकडे बाम्ये म्हणतात. एक ताट अडीचशें ते साडेतीनशें लेकांत होतें. कडक सोंवळ्याच्या माणसांनीं मात्र सावध राहावें: भात पुष्कळदां मांसाच्या पाण्यांत शिजवितात, घेवड्यांत क्वचित् सुकें मांस पडतें, आणि भरल्या मिरचींत खिमा असूं शकतो. विचारल्यावर खरें तें सांगतात. तिरानाची खास भाजी म्हणजे फर्गेस: मिरच्या, टोमॅटो व ताजें चीज एकत्र आटवून मातीच्या भांड्यांत देतात, तीहि कांहीं ठिकाणीं काळीज घालून करतात, तेव्हां तेथेंहि "पा मीश" म्हणावें. पाव पानाशेजारीं येतोच.

ह्या देशावर चार-साडेचार शतकें तुर्कांचा अंमल होता. त्यामुळें स्वयंपाकघरांतले व बाजारांतले कित्येक शब्द ऐकून मराठी माणूस चमकून मागें वळतो. दुकानास द्युकान, बाजारास पझार, साखरेस शेचेर, साबणास सापुन, चहास चाय, हिशेबास हेसाप. भाषेचें मूळहि परकें नव्हे; संस्कृताचा यूरोपीय भाषांशीं संबंध दाखविणाऱ्या फ्रांझ बोप ह्या जर्मन पंडितानेंच १८५४ सालीं आल्बेनियनहि त्याच आर्यकुलांतली असल्याचें प्रतिपादन केलें. दोनला द्यू व तीनला त्रे म्हणणाऱ्यांशीं बाजारहाट करणें फारसें कठीण जात नाहीं. तिरानाच्या नव्या बाजारांत, म्हणजे "पझारी इ री" येथें, फळें, जैतून, मध, अक्रोड व चीज उत्तम मिळतें. संध्याकाळचें जेवण तेथूनच आणून खोलींत करावें, हा आमचा नेहमींचा क्रम. नळाचें पाणी मात्र राजधानींत पिऊं नये, बाटलीचें घ्यावें.

कॉफीविषयीं वेगळें लिहावयाचें तर एक लेख होईल. शंभर लेकच्या पेल्यावर तेथील लोक दोन-दोन तास बसतात व कोणी उठवीत नाहीं. तिरानाच्या ब्लोकु भागांत तर ओळीनें कॉफीचीं दुकानें आहेत. १९९१ पर्यंत हा भाग फक्त पक्षाच्या वरिष्ठांच्या वस्तीचा होता आणि सामान्य नागरिकास तेथें पाऊलहि टाकतां येत नसे. आज तेथें होजांच्या घरासमोर विद्यार्थी गप्पा मारीत बसलेले दिसतात.

प्रेक्षणीय स्थळांची यादी देण्यांत आम्ही जागा खर्च करीत नाहीं; ती कोठेंहि मिळते. तिरानांत जमिनीखालच्या बंकरांत केलेलीं दोन संग्रहालयें आहेत, त्यांपैकीं डोंगराकडच्या मोठ्याला पोर्सेलान थांब्याची चाळीस लेकची बस जाते. होजांच्या स्मारकासाठीं १९८८ सालीं बांधलेल्या पिरॅमिडला २०२३ पासून बाहेरून पायऱ्या केल्या आहेत. वर चढण्यास पैसे पडत नाहींत. बेराट व ग्यिरोकास्तर हीं दोन्ही गांवें युनेस्कोच्या यादींत आहेत. बेराटच्या किल्ल्यांत अजून लोकवस्ती आहे व आजीबाया दारांत विणकाम मांडून बसतात. ग्यिरोकास्तरचीं छपरें दगडी फरशीचीं, आणि होजा व कादंबरीकार इस्माइल कादारे हे दोघेहि त्याच गांवचे. एका देशांत वेळ थोडा असेल तर आम्ही राजधानी एक दिवसांत आटोपूं व बेराटला तीन दिवस देऊं.

सगळ्यांत सुंदर गोष्टीस पैसेच लागत नाहींत. सूर्य कलला म्हणजे गांवोगांव मुख्य रस्त्यावर लोक फिरावयास निघतात. ह्यास जीरो म्हणतात. आजोबा, सून, कडेवरचें मूल, कॉलेजांतल्या मुली, सर्व नीटनेटके कपडे करून रस्त्याच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जातात आणि परत येतात. ओळखीचे थांबून विचारपूस करतात. अनोळख्याकडेहि निरखून पाहतात. त्यानें छातीवर हात ठेवून किंचित् मान लववावी, कीं तोहि त्यांतलाच. तोच हावभाव घरचा यजमान राकीचा पेला पुढें करील तेव्हां नाकारण्यासहि उपयोगीं पडतो, व कोणास राग येत नाहीं.

दोन माणसांचा एका दिवसाचा खर्च आम्हीं टिपून ठेवला होता, तो असा पडला. न्याहारीसह खोली तीन हजार, दुपारचें जेवण एक हजार, संध्याकाळचें ब्युरेक, ताक व फळें सहाशें, दोन वेळां कॉफी चारशें, शहरांतली बस एकशें साठ. म्हणजे सव्वापांच हजारांच्या आंत दिवस गेला. गांव बदलण्याच्या दिवशीं हजारभर अधिक धरावे, संग्रहालयांचीं तिकिटें निराळीं. विमानभाडें ह्यांत नाहीं, आणि तेंच सर्वांत जड.

लेक हें नाणें देशाबाहेर सहसा कोणी बदलून देत नाहीं. तेव्हां शेवटच्या दिवशीं खिशांतली मोड बाजारांतच संपवावी. आम्हीं तिचा "चाय माली" घेतला. डोंगरावर उगवणाऱ्या ह्या रानवनस्पतीच्या वाळलेल्या जुड्या कागदांत गुंडाळून देतात. चारपांच काड्या पाण्यांत दहा मिनिटें उकळाव्या, मध घालावा. दूध घालूं नये.